बरी असल्याचा निरोप

जठारपेठ, अकोला
६ ऑगस्ट १९३४

आज महादेवरावांशी भांडण होता होता राहिलं. महादेवराव आमच्या आश्रमाच्या कमिटीचे अध्यक्ष. कापसाची दलाली करतात, त्यामुळे कुठल्याही गोष्टीत हात घालून ती ओली की सुकी हे बघायची त्यांना सवय. मी सकाळी फरशी फिनेलने पुसून घेतली होती. ते दारातच उपरणं नाकाला लावून उभे राहिले.

"नर्सबाई, हे म्हाताऱ्या बायकाईचं घर आहे का दवाखाना? देनगी देनारा मानूस आला त उंबऱ्यावरूनच वापस जाईन."

"मैनाबाईले कालपासून रक्त पडून रायलं," मी म्हटलं. "फिनेल नाई त काय अत्तर शिपडू?"

राग आला की माझी शेंदूरजन्याची बोली आपोआप सुटते. अमरावतीच्या इस्पितळात नर्सिंग शिकताना मडमेने ती घासून काढायचा फार प्रयत्न केला होता. महादेवराव निघून गेले. जाताना मात्र देवळातून आणलेला पेढ्यांचा प्रसाद सगळ्या बायकांच्या हातावर स्वतःच्या हाताने ठेवून गेले. हात धुतले होते का, हे विचारायची सोय नव्हती.

या घरात अकरा म्हाताऱ्या राहतात. कोणाला कोणी नाही, आणि ज्यांना आहे त्यांच्या घरी जागा नाही असं सांगतात. स्वयंपाकाला लीलाबाई आणि बाकी सगळ्याला मी. एवढ्या दाटीत एकीला आव झाली की बाकीच्या दहांचं काय होणार, हे मला दिसतं. दुसऱ्या कोणालाही ते दिसत नाही, याचाच संताप येतो.

८ ऑगस्ट

डॉक्टरसाहेब येऊन गेले. रक्ती आव आहे म्हणाले. माश्या आणि हात, या दोन वाटांनी ती पसरते. म्हाताऱ्या जीवाला झाली तर जिवावर बेतते. मागची सरकी ठेवायची खोली रिकामी करून चुना मारून घेतला आणि तिची आजाराची खोली केली. मैनाबाईचा बिछाना तिथे हलवला. तिचं ताट, वाटी, तांब्या वेगळा. खाणं मऊ भात, ताक आणि वर बेलाचा मुरंबा. बाकीच्यांना पाणी उकळून, आणि जेवणाआधी साबणाने हात.

कमिटीचा एक नियम माझ्या आधीपासूनचा आहे. मागे एक बाई अचानक गेली आणि तिच्या मुलांनी "आमच्या हातचं पाणी तिच्या तोंडात पडलं नाही" म्हणून दारात येऊन आकांत केला. तेव्हापासून कोणी अंथरुणाला खिळलं की घरी निरोप गेलाच पाहिजे. बाळापूरकडून भाजीच्या गाड्या दर बाजाराला अकोल्यात येतात. त्यातला शेषराव माळी आमच्या फाटकाशी थांबून उरलेली भाजी धर्मादाय देतो आणि निरोपही नेतो. त्याच्याबरोबर परवाच मैनाबाईच्या घरी कळवलं होतं.

आज तिचे दोन्ही मुलगे आले. सोबत टोपलीभर वांगी. मोठा तर आईचे पाय मांडीवर घेऊन हुंदके देऊन रडला. तिला मागच्या दिवाळीनंतर कोणी बघायला आलं नव्हतं. सगळ्या बायका दाराशी गर्दी करून उभ्या. हाकलल्या तरी जाईनात. पार्बताबाई म्हणाली, "नशिबाची आहे वो मैनी."

रक्त पडणाऱ्या बाईला नशिबाची म्हणणारी मी आज पहिल्यांदा पाहिली. वय झालं की बुद्धी अशी होते.

१३ ऑगस्ट

मैनाबाई उठून बसली, पण आता तानुबाई आडवी झाली. तानुबाईने उकळलेलं पाणी प्यायला पहिल्या दिवसापासून नकार दिला होता. म्हणे, चुलीवर चढलं की ते शिजलेलं झालं, उपासाला चालत नाही. आणि तिचे उपास आठवड्यातून चार. विहिरीवर जाऊन कच्चं पाणी पीत होती. भोगा म्हणावं आता. असं लिहिते खरं, पण दुपारभर तिचे कपडे बदलताना तिच्या अंगात काही उरलेलं नाही हे हाताला लागत होतं.

तिच्याही घरी निरोप गेला. सून आणि नातू आले, नातवाने आजीला पंख्याने वारा घातला.

एक बरं झालं. आजाऱ्यांची ताटं-वाट्या नेण्या-आणण्याचं काम पार्बताबाईने आपण होऊन अंगावर घेतलं. ही बाळापूरच्या बाजूची, चांगल्या काळ्या जमिनीच्या घरातली बाई. हाड मजबूत, आवाज पाटलाचा. बाकीच्या त्या खोलीच्या सावलीलाही उभ्या राहत नाहीत, ही मात्र म्हणाली, "आना इकडं, मले काय होते?" शिवाय तिच्या हातून जाणाऱ्या वाट्या परत येतात त्या लख्ख. भाताचं शीत उरत नाही, मुरंब्याचा चिकटा उरत नाही. तानुबाई माझ्या हातून चार घासही खात नव्हती. आजाऱ्याला भूक लागणं हे चांगलं लक्षण. डॉक्टरसाहेबांना सांगितलं पाहिजे.

१७ ऑगस्ट

दुर्गाबाईलाही झाली. मी काय काय करू?

विहिरीत लाल औषध टाकलं. पाणी गुलाबी झालं म्हणून बायकांनी दिवसभर भांडीसुद्धा घासली नाहीत. विहिरीत कोणी कुंकू ओतलं म्हणे, करणी असेल. दूधवाल्याला फाटकाबाहेरून दूध ओतायला लावलं, तो रागावला. मग लीलाबाईची नखं तपासली. ती चुलीपुढून उठलीच.

"बाई, म्या बारा घरी सैपाक केला. कोनी माह्या नखात आव पायली नाई. तुमाले मी नको असन त तसं सांगा, उद्यापासून तुमीच भाकरी थापजा."

नखं स्वच्छ होती. चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यासारखं झालं. माफी मागितली नाही, पण तिच्यासमोर बसून एक भाकरी जास्त खाल्ली. तिला ते समजलं असावं.

शेषराव दुर्गाबाईचा निरोप न्यायला आला तेव्हा पार्बताबाई फाटकाशी गेली.

"माह्या खुशालरावले सांगतलं का रे तू?"

"सांगतलं ना, बुढी. थे म्हने, माय बरी आहे न? मंग डवरनं-निंदनं झाल्यावर पाहू."

"हाव. कामाचे दिवस आहेत," पार्बताबाई म्हणाली आणि आत येऊन ताटं उचलायला लागली. समजूतदार बाई आहे. बाकीच्यांसारखी घरच्यांसाठी रडत बसत नाही.

२१ ऑगस्ट

शेंदूरजन्याहून गावचा माणूस संत्र्यांच्या कलमांच्या कामाने आला होता. माझ्या भावाचा, देवीदासचा, निरोप होता: आई म्हणते एकदा येऊन जा. मी विचारलं, आजारी आहे का? नाही म्हणाला, मळ्यात हिंडते-फिरते, चांगली आहे. मग एवढी घाई कशाची? इथे जीव टांगणीला लागलाय आणि यांना भेटीगाठी सुचतात. दिवाळीला बघू म्हणून सांगितलं.

तानुबाई अजून त्या खोलीतच. सुटते आणि पुन्हा धरते.

२४ ऑगस्ट

दुर्गाबाई आज सकाळी गेली.

तिचा भाचा दोन दिवस इथेच होता. तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं, तुळशीचं पाणी त्यानेच घातलं. मी नाडी धरून उभी होते आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. एवढं शिकून शेवटी मनगट धरून उभं राहायचं, याची चीड येते. नंतर ते बिछान्याचं धोतर जाळायला काढलं तर भाचा म्हणाला, राहू द्या, मी घेऊन जातो, मावशीचं आहे. त्याच्या हातून ओढून घ्यावं लागलं. मला राक्षसीण समजून गेला असेल.

पार्बताबाई खांबाला टेकून बसली होती. म्हणाली, "मांडी भेटली तिले. आनखी काय पायजे मानसाले?"

मी तिच्यावर ओरडले. मेलेल्या बाईचं कौतुक कसलं करता, जा, हातपाय धुवा म्हटलं. ती उठून गेली. धुतले की नाही ते पाहिलं नाही.

संध्याकाळी कमिटी बसली. महादेवरावांचं म्हणणं, गावात बोभाटा झाला आहे. पोळ्यापर्यंत आव थांबली नाही तर आश्रम बंद करायचा आणि एकेकीला आपापल्या घरी पोचवायचं.

"घर असतं त त्या इथं काहून आल्या असत्या?" मी विचारलं.

"थे आमाले नका इचारू. देवाले इचारा," ते म्हणाले.

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. मैनाबाईच्या मुलाने तिला इथे आणताना गोठ्यातली खाट दाखवली होती, 'एवढीच जागा आहे' म्हणून. तीच खाट पुन्हा तिच्या वाट्याला येईल. आणि ज्यांना खाटही नाही त्यांना देवळाच्या पायऱ्या. पोळा पंधरा दिवसांवर आला आहे.

२६ ऑगस्ट

आज खूप विचार करून एक नवी व्यवस्था केली. पिण्याचं पाणी ज्याने-त्याने माठात हात बुडवून घ्यायचं बंद. एकाच माणसाने ओगराळ्याने सगळ्यांना वाढायचं. ते माणूस असं हवं की ज्याला इतक्या दिवसांत आव शिवलेली नाही. तशी एकच आहे, पार्बताबाई. आजाऱ्यांत वावरून तिला काही झालेलं नाही, म्हणजे तिचं अंग स्वच्छ. तिला ओगराळं दिलं. डॉक्टरसाहेबांनी नुसतं "हं" केलं. त्यांना माझी कल्पना आवडली असावी.

पार्बताबाई मात्र खूश दिसली नाही. "मले काहीच नाई होत, बाई," म्हणाली. तक्रार केल्यासारखं.

३० ऑगस्ट

आणखी दोघी! आता सात जणी धड आहेत आणि त्यातल्या एकीला सकाळपासून मळमळतंय.

पाणी उकळतं, मी स्वतः उभी राहते. माश्यांसाठी जाळीचं कपाट करून घेतलं. चादरी सोड्यात उकळतात. स्वयंपाकघर तर लीलाबाईने इतकं घासलंय की नखं तपासल्याचा सूडच घेतला. तरी ही आव भिंतीतून येते की काय? आज देवघरापुढे उभी राहून देवाशी भांडले. असं कधी केलं नव्हतं.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "बाई, त्या खोलीतून एक हात बाहेर येतोय आणि सगळ्यांच्या पाण्याला लागतोय. तो हात शोधा."

मी माझेच हात घासत बसले. कातडी सोलायला आली आहे.

२ सप्टेंबर

हात सापडला.

दुपारी चादरींचं हंड्यातलं पाणी बघायला मागे गेले. सरकीच्या खोलीमागे, चिंचेच्या सावलीत, पार्बताबाई उकिडवी बसली होती. पुढ्यात तानुबाईची वाटी. त्यातला उरलेला ताकभात ती बोटाने निपटून खात होती. खाऊन झाल्यावर वाटी चाटली, बोटं चाटली, पदराला पुसली, आणि ओगराळं घ्यायला निघाली.

मी वाटी हिसकावली. तोंडाला येईल ते बोलले. भुकेली आहेस का, मुरंब्याची एवढी हाव, चोरटी, दुर्गाबाई तुझ्या हाताने गेली, असंसुद्धा बोलले. ती सगळं ऐकून घेत होती. दुर्गाबाईचं नाव घेतलं तेव्हा मात्र तिने वर पाहिलं.

"माह्या हातानं? माह्या हातानं कशी जाईन वो? मले त काहीच झालं नाई."

"तुले होत नाई, पन तुह्या हाताले लागून दुसरीले होते! काहून खाल्लं तू हे? काहून?"

तिने पदराने बोटं पुन्हा पुसली. मग म्हणाली, "मैनीले झाली त तिचे पोट्टे आले. तानीची सून आली, थे त तिच्याशी बोलत नोती. दुर्गीले मांडी भेटली. मी बरी हावो, बरी हावो. शेषराव जाते, सांगते, बुढी बरी आहे. मंग कोन येते? मैनी खाटीवर पडली तवापासून मी सगळ्याईचं उष्टं खाऊन रायली. मले मेलीले काही होतच नाई."

माझ्या हातात वाटी तशीच. लख्ख. इतके दिवस त्या लख्ख वाट्या बघून मी आजाऱ्यांची भूक वाढली म्हणून खूश होत होते.

३ सप्टेंबर

पार्बताबाईला स्वयंपाकघर, पाणी, आजाराची खोली, सगळीकडे बंदी. तिचे हात माझ्यासमोर लाल औषधात बुडवून घेतले. ती मुकाट्याने बुडवते. कोणाला काही सांगितलेलं नाही. कमिटीला कळलं तर तिलाच पहिली बाहेर काढतील. ओगराळं मी घेतलं आहे.

तिच्यावरचा राग काल होता तेवढा आज नाही. आज तो तिच्या खुशालरावावर आहे आणि त्याहून जास्त कमिटीच्या त्या नियमावर. आजारी पडलं तर भेट, बरी असलं तर कोणी विचारत नाही. ही तर आजाराला दिलेली बक्षिसीच झाली. आणि त्या खोलीत गर्दी करणारे पाहुणे हात न धुता इथलं घेऊन आपापल्या गावी जातात ते वेगळंच. नियम पार उलटा आहे आणि मी दोन वर्षं तो निमूट पाळत आले.

५ सप्टेंबर

महादेवरावांकडे जाऊन नियम बदलून आणला. यापुढे आजाराच्या खोलीत कोणाच्याही घरचं माणूस जाणार नाही. कोणाला आव असली तर तिच्या घरच्यांना फाटक बंद. ज्याला आपलं माणूस बघायचं असेल त्याने ते धडधाकट असताना यावं. महादेवराव लगेच तयार झाले. गर्दी कमी होणार एवढंच त्यांनी ऐकलं.

शेषरावला नीट पढवलं. "सगळ्या गावात सांगजो. तुमची माय ठनठनीत आहे, भेटाचं असन त आता या. मंग आजारी पडली त तोंडही दिसनार नाई."

शेषराव हसला. "बाई, असा निरोप मी जल्मात नेला नाई. मानूस बरं आहे मनून कोनी बलावते का?"

"मी बलावून रायली. जाय."

११ सप्टेंबर

पोळा होऊन गेला. तीन तारखेपासून नवीन कोणीही आजारी नाही! तानुबाई चालू लागली. बाकीच्या दोघींना मऊ भात पचतोय.

पोळ्याला बैल जुंपत नाहीत म्हणून दोन दिवस फाटक ओस होतं आणि माझा जीव वरखाली. काल मात्र चार गाड्या आल्या. पुरणपोळ्या, मुगाच्या शेंगा, एका पोरीने तर आजीसाठी मातीचा बैल आणला. सगळ्यांना आधी साबण, मग आजी. कुरकुरले, पण धुतले हात. महादेवराव हे बघून कमिटीत म्हणाले, "पाहा, मी मनत होतो न, फाटकावर लक्ष पायजे!" आश्रम बंद करायची गोष्ट कोणी काढली नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तसं माझं श्रेय गेलं. जाऊ दे.

खुशालराव आला नाही. पार्बताबाई दिवसभर ओसरीवर बसून येणाऱ्यांना सांगत होती, "हात धुवा, बाई खवळते."

१५ सप्टेंबर

शेषराव सांगून गेला, खुशालराव सोमवारी येतो म्हणाला. चावडीवर चार लोकांसमोर शेषराव त्याला म्हणाला होता, फाटक बंद झालं त माय दिसनार नाई, मंग बोंबलू नको. लाजेने का होईना, येतोय.

पार्बताबाईला सांगितलं तर नुसती मान हलवली. आनंद झालेला दिसला नाही. माणसाचं कळत नाही. दुपारी जेवलीही नाही. पोट भरलंय म्हणाली.

१७ सप्टेंबर, सोमवार

खुशालराव आला एकदाचा. उंच, आईसारखाच हाडापेराने मजबूत, बोलायला लाजाळू. नवं लुगडं आणि बरबटीच्या शेंगा घेऊन आला होता. माझा राग त्याच्या तोंडावर काढायचं ठरवलं होतं, पण तो फाटकाशीच चपला काढून हात धुवायला पाणी मागू लागला. मग काय बोलणार?

पार्बताबाईने मात्र निराशा केली. सकाळी अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, खांबाला पाठ लावून ओसरीवर बसली होती. मुलगा आला तरी उठली नाही. तो पाया पडायला वाकला तर म्हणाली, "तथूनच कर नमस्कार. तथूनच." त्याने शेजारी बसायचं म्हटलं तर पलीकडची चटई दाखवली. दोन्ही हात पदराखाली. ज्याच्यासाठी दुसऱ्यांची वाटी चाटत होती, तो समोर आला तर त्याच्या गालाला बोट लावलं नाही.

बोलली मात्र खूप. बैलाला यंदा कोणती झूल घातली, नातीचे दात आले का, शेताच्या धुऱ्यावरचं बाभळीचं झाड पाडलं का. आवाज तोच पाटलाचा. मध्ये दोन-तीनदा "चुलीकडं पाहून येतो" म्हणून मागे गेली. चुलीकडे तिला बंदी आहे हे विसरली वाटतं. पण मुलादेखत काय बोलायचं म्हणून मी गप्प बसले. दर वेळी येताना साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन आली. शेवटी शिकली म्हणायची! इतक्या दिवसांची माझी बडबड वाया गेली नाही.

जेवायला त्याला पत्रावळीवर वाढलं. तो म्हणाला, "माय, एक घास तरी भरव." ती म्हणाली, "एवढा मोठा घोडा झाला, आपल्या हातानं खाय." तिचा सोमवारचा उपास होता, पाणीसुद्धा घेतलं नाही.

जाताना तो माझ्यापाशी येऊन म्हणाला, "बाई, माय एकदम ठनठनीत आहे. मले वाटलं होतं, खचली असन. आता दिवाळीले घरी नेतो दोन रोज." डोळे पाणावले होते त्याचे.

गाडी वळेपर्यंत ती बसूनच होती. मी म्हटलं, झालं का समाधान? तर डोळे मिटून म्हणाली, "झालं जी." कोरडी बाई.

१८ सप्टेंबर

पार्बताबाई सकाळी उठली नाही.

विहिरीच्या मागे, घाणेरीच्या झुडपाआड लीलाबाईला जुन्या लुगड्याचे फाडलेले चार धडपे वाळत घातलेले दिसले. रक्ताचे डाग पुरते गेलेले नव्हते. माझ्या कपाटातलं फिनेलही निम्मं संपलं आहे. म्हणजे शनिवारपासून. शनिवारी तिचं पोट 'भरलं' होतं तेव्हापासून.

मी तिला उचलून आजाराच्या खोलीत नेलं. लुगड्याखाली अंगाची चिपाडं झाली आहेत. मी काल तिला कोरडी बाई लिहिलं.

"काहून सांगतलं नाई मले?" मी विचारलं.

"फाटक बंद केलं असतं न तुमी."

केलं असतं. नियम माझाच होता आणि मी तो मोडला नसता, मला माझी खोड ठाऊक आहे.

"त्याच्या अंगाले हात नाई लावला बाई मी," ती म्हणाली. "दुर्गीचं जे झालं थे त्याले नको. बरोबर केलं न?"

बरोबर केलं म्हटलं. अमरावतीला शिकलेल्या कोणालाही एवढं बरोबर जमलं नसतं, हे म्हणायचं होतं. मग मी रडले. ती बघत होती तरी रडले.

डॉक्टरसाहेब येऊन गेले. नाडी फार बारीक आहे. दोन दिवस निघाले तर निघाले, म्हणाले.

मी तिला म्हटलं, नियम गेला खड्ड्यात, शेषराव आज येतोय, खुशालरावला परत बोलावते, मांडी देईल. वाटलं, हेच तर तिला हवं होतं. तिने माझं मनगट धरलं. हाताला जोर नव्हता.

"नको. त्यानं मले बरी पायली. तसंच राहू द्या."

"पार्बताबाई, उद्या काही झालं त तो मले जल्मभर बोलन."

"बोलू द्या. तुमाले सवय आहे."

दुपारी शेषरावची गाडी फाटकाशी थांबली. त्याने भोपळे उतरवले आणि विचारलं, "खुशालराव खूप खूश होता जी काल. बुढीचा काही निरोप?"

मी फाटकाचा गज धरून उभी होते. या घरात खोटा निरोप द्यायचा नाही, असं मी पहिल्या दिवशीच कमिटीला बजावलं होतं.

"बरी आहे मनून सांग," मी म्हटलं.

गाडी गेली. मी हात धुतले, मऊ भाताची वाटी घेतली आणि तिच्याजवळ जाऊन बसले. तीन घास खाल्ले तिने. उरलेला भात खड्ड्यात टाकून वर चुना घातला.